तिथीची पाऊणपट

आश्विन शुद्ध एकादशी, नेरूळ

बॅगा भरून झाल्या. दारावरचं दसऱ्याचं तोरण सुकायला लागलंय, पण उतरवलं नाही. आल्यावर बघू.

गेल्या महिनाअखेरीला हे निवृत्त झाले. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रासायनिक कारखान्यात ३३ वर्षं पाळ्या केल्या. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. आमच्या घरातला कुकर, मुलाची शाळा, माझी बँकेची बस, दुपारी पडदे ओढायचे की नाही, सगळं त्या पाळीच्या तक्त्यावर चालायचं. तक्ता फ्रीजला चिकटवलेला असायचा. परवा ह्यांनी तो काढला तर मागे फ्रीजचा मूळचा पांढरा रंग दिसला, बाकीचा फ्रीज केव्हाच पिवळा पडलाय. त्या चौकोनाकडे आम्ही दोघंही बघत राहिलो.

म्हणून हा प्रवास. मी पाच दिवसांची रजा टाकली आहे. समुद्राच्या कडेकडेने हरिहरेश्वरपर्यंत जायचं. अलिबाग सोडलं की दिवसाला ५० किलोमीटरच्या वर गाडी हाकायची नाही आणि कुठेही थांबावंसं वाटलं की थांबायचं. आम्ही दोघंही घाटावरचे, हे कराडकडचे, मी सांगलीची. समुद्र आम्हाला चौपाटीपुरता ठाऊक. आजवरची प्रत्येक सुटी गावी पोहोचण्यात गेली. वाटेत काय काय होतं ते खिडकीतून मागे पळताना पाहिलं, तेवढंच.

आश्विन शुद्ध द्वादशी, अलिबाग

सकाळी सातला निघालो. पामबीच रोडला डाव्या हाताला इमारती, उजव्या हाताला तिवरं आणि त्यापलीकडे खाडी. पनवेल, पळस्पे फाटा, कर्नाळ्याचा तो आभाळात रोवलेला अंगठा, पेण. वडखळपर्यंत गाड्यांची रांग सरकत सरकत गेली. एरवी ह्यांची बोटं स्टिअरिंगवर ताल धरतात आणि मला कळतं की आता चिडणार. आज ताल नव्हता.

पेणच्या पुढे खारेपाट लागला. दोन्ही बाजूंना भात पिकलेलं, हळवं, म्हणजे लवकर होणारं भात कापायलाही घेतलेलं. बायका ओळीने वाकलेल्या आणि मागे भाताच्या कवळ्या आडव्या पडलेल्या. गाडीच्या काचा खाली केल्या तेव्हा ओल्या पेंढ्याचा वास आत आला. हे म्हणाले, आपलं नेरूळही असंच असेल गं. असेलच. १९७० साली सिडको आली, त्याआधी ९५ गावांची ही भातशेती, मिठागरं आणि खाजणंच होती. आम्ही तिथे २६ वर्षं राहतोय, पण आमच्या इमारतीखाली कोणाचं शेत होतं ते मी कधी कोणाला विचारलं नाही. आज ते फार लागलं मनाला.

अलिबागला जेवून अडीच वाजता किनाऱ्यावर गेलो. कुलाबा किल्ला समोर पाण्यात. जायचं कसं? एक म्हातारे कोळीबाबा जाळं सोडवत बसले होते, त्यांना विचारलं, ओहोटी किती वाजता? ते म्हणाले, "घड्याळ कशाला, बाय? तिथी सांग." मी म्हटलं, द्वादशी. "मग बाराची पाऊणपट कर." बाराची पाऊणपट नऊ. "नऊला भरती झाली. तिथून सहा तास मोज." म्हणजे तीन. मोबाईलवर पाहिलं तर दहा-पंधरा मिनिटांचाच फरक.

मी वाळूत बसून बोटाने गणित करत सुटले. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. चतुर्थी, तीन. पौर्णिमा, सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आसपास. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते ती चंद्रामुळे, हे शाळेत शिकले होते. पण पंचांग आणि समुद्र एकमेकांना असे बांधलेले आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दर महिन्याला कॅलेंडरात चतुर्थी बघते ती उपासासाठी. त्याच चौकोनात पाण्याची वेळही लिहिलेली होती.

घोट्याएवढ्या पाण्यातून चालत किल्ल्यात गेलो. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची पुष्करणी. शेजारीच आंग्र्यांच्या वेळचं गणपतीचं देऊळ. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच दरारा बसवला. ह्यांनी तटाच्या चिऱ्यांवर हात फिरवून पाहिला. मोठाले दगड नुसते एकावर एक ठेवलेले, मध्ये चुना नाही, की लाटेचं पाणी फटींतून आत शिरून जिरावं. जन्मभर फिटर म्हणून काम केलेला माणूस, त्यांना हे फार आवडलं. चार वाजता परतलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं.

येताना चुंबकीय वेधशाळेवरून गेलो. ती आधी मुंबईतल्या कुलाब्याला होती. तिथे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकाच्या सुया बिघडतील, म्हणून १९०४ साली ती इथे हलवली. बाहेरूनच पाहिली.

आश्विन शुद्ध त्रयोदशी, मुरूड

रेवदंड्याच्या वाड्यांतून येताना ऊन आत पोहोचतच नव्हतं. वर नारळ, खाली सुपारी, त्याखाली केळी. बाहेर ऑक्टोबरचं ऊन आणि आत विहिरीसारखा गारवा. साळावच्या पुलावरून कुंडलिका ओलांडली. कोर्लईला डोंगरावरचा किल्ला समुद्रात घुसलेला दिसतो, पायथ्याशी गाव. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले, पण त्या गावातल्या ख्रिस्ती घरांतून त्यांच्या भाषेची एक बोली अजून बोलली जाते. चहाच्या टपरीजवळ दोन बायका बोलत होत्या. शब्द एक कळला नाही, पण हेल अगदी आपल्या कोकणातला. चहा संपला तरी मी रेंगाळले.

काशीदला गर्दी, थांबलो नाही. जंजिराही या खेपेला लांबूनच. संध्याकाळी मुरूडच्या पुळणीवर बसलो, समोर पद्मदुर्ग. रात्री जेवायला तळलेली मांदेली, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. ह्यांनी तिसरी भाकरी घेतली. मी काही बोलले नाही.

आश्विन शुद्ध चतुर्दशी, दिवेआगर

आगरदांड्याच्या जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर, पाऊण तास थांबलो. एक बोट डोळ्यांदेखत सुटली, दुसरी पलीकडून यायची होती. रांगेत दोन टेम्पो, पाच-सहा गाड्या, मोटारसायकली, आणि कोंबड्यांचा खुराडा मांडीवर घेतलेली एक आजी. राजपुरीची खाडी अशी आत घुसली आहे की बोट नसेल तर मोठा वळसा घालून जावं लागतं. बोट पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे दिघीला सोडते. या किनाऱ्याचं मला हेच आवडायला लागलंय. थोडं पुढे गेलं की खाडी आडवी येते आणि म्हणते, थांब जरा.

त्या पाऊण तासात हे जे बोलले ते ३० वर्षांत बोलले नव्हते. १९९० च्या दशकात कारखान्यात एकदा गॅसगळती झाली होती, रात्रपाळीत. हे आत होते. मला फक्त "उशीर झाला" एवढंच सांगितलं होतं. मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा. आज पाण्याकडे बघत सगळं सांगितलं, व्हॉल्व्ह कुठला होता, तो कसा अडकला, शेजारी कोण होतं. बंद गाडीत आम्ही दोघंच, पुढे बोट नाही, मागे जायला जागा नाही. मी त्यांचा हात धरून ठेवला. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं की बोट लागली.

दिवेआगरला एका वाडीत घरगुती सोय आहे, तिथे उतरलो. घरातल्या काकांनी वाडी दाखवली. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथूनच आत शिरलं. उभी सुपारी दोन-तीन तासांत आडवी झाली, नारळ मुळासकट गेले. नव्याने लावलेल्या रोपांना आता कुठे शिपुटं, म्हणजे सुपारीचे घोस, धरायला लागली आहेत. काका प्रत्येक झाडाशी थांबत होते. "हे वडिलांनी लावलेलं, एवढंच राहिलं," म्हणून एका उंच, किंचित वाकलेल्या पोफळीला त्यांनी हात लावला. सुपारीच्या बुंध्यावर गळलेल्या झावळ्यांच्या कड्या असतात. त्यांनी त्या खालून वर मोजून दाखवायला सुरुवात केली आणि मग मध्येच सोडून दिलं.

सुवर्णगणेशाचं दर्शन घेतलं. १९९७ साली वाडीत खणताना पेटीत मुखवटा सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, त्या रात्री दोन पहारेकरी मारले गेले. २०२१ मध्ये पुन्हा स्थापना झाली. काकूंनी रात्री उकडीचे मोदक केले. कळ्या इतक्या नाजूक की मी आधी नुसते बघून घेतले.

आश्विन पौर्णिमा, हरिहरेश्वर

दिवेआगरहून श्रीवर्धनला आरावी-शेखाडीवरून येणारा रस्ता समुद्राला खेटून जातो. एका बाजूला डोंगर, एका बाजूला काळे कातळ आणि त्यावर फुटणारं पाणी. आम्ही तीनदा थांबलो. चौथ्यांदा थांबावं लागलं, डावं मागचं चाक बसलं.

ह्यांनी जॅक लावला. शेजारच्या घरातून एक ताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांच्या ओटीवर सुपात भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसं, झेंडू, कुरडूची गुलाबी-पांढरी फुलं आणि आंब्याची पानं. आज नव्याची पौर्णिमा, त्या "नवं" बांधत होत्या. आंब्याच्या पानात एक लोंबी, एक कणीस, एक कुरडू, एक झेंडू ठेवायचा, पान दुमडायचं आणि दोऱ्याने देठाशी गाठ मारायची. दाराला एक, देवाला एक, कणगीला एक, जात्याला एक. मी पण चार बांधली. पहिलं सुटलं. त्यांनी माझा अंगठा धरून दाबायचं कुठे ते दाखवलं, दोरा ओढायच्या आधी पान घट्ट दाबून धरायचं.

चाक बसवून झालं तेव्हा त्यांनी एक नवं आणून आमच्या गाडीच्या पुढच्या जाळीला बांधलं. "दमली बिचारी," म्हणाल्या. कोजागरी म्हणजे मला गच्चीवरचं मसाला दूध आणि भेंड्या. ती नव्या धान्याचीही आहे, हे घाटावरच्या माझ्या आईला ठाऊक असणार. मी कधी नीट ऐकलं नाही.

श्रीवर्धनला पेशव्यांचं, म्हणजे बाळाजी विश्वनाथांचं गाव म्हणून जरा रेंगाळलो, पंक्चर काढलं आणि संध्याकाळी हरिहरेश्वर. रात्री अंगणात दूध आटवून चारोळ्या घातल्या. बारा वाजता खाली गेलो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि खरंच समुद्र काठोकाठ भरला होता. उधाणाचं पाणी पायऱ्यांना लागत होतं आणि चंद्र बरोब्बर डोक्यावर. समुद्राचा आवाज छातीत वाजत होता. मी ह्यांना म्हटलं, चला, थंडी वाजेल. थंडी नव्हतीच. पाच मिनिटं म्हणून तिथेच दीड तास उभे राहिलो.

आश्विन वद्य प्रतिपदा, रात्री उशिरा, नेरूळ

पहाटे साडेसहाला प्रदक्षिणा. देवळामागून पायऱ्या चढून जायचं, मग दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. काल रात्री जिथे लाटा आपटत होत्या तिथे आज आम्ही चालत होतो. खडकाला पाण्याने आणि वाऱ्याने पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत, हजारो, बोट घालावं एवढी. खाचांत राहिलेल्या पाण्यात इवले खेकडे. ह्यांचा गुडघा दुखत होता, पण हात धरून पुरी केली. या वाटेवर ओहोटी सोडून कोणी जाऊ नये. भरतीत इथून माणसं वाहून गेली आहेत.

म्हसळा, माणगाव, पेण. घरी यायला संध्याकाळ झाली. वाटेचं लिहिण्यासारखं काही नाही.

आश्विन वद्य द्वितीया, नेरूळ

रजेचा शेवटचा दिवस. खाली गाडीच्या जाळीवरचं नवं सुकलंय, पण लोंबीतला एकही दाणा गळलेला नाही. वॉचमनला सांगितलं, गाडी धुणाऱ्याला ते काढू देऊ नका.

दोनाची पाऊणपट दीड. सव्वा वाजता आम्ही दोघं चालत नेरूळ जेट्टीवर गेलो. भर उन्हात आम्हीच. दीड वाजला तरी पाणी चढतच होतं. करावे गावचे एक दादा होडीत बसले होते, ते म्हणाले, समुद्रावर दीड, इथे आत यायला त्याला वेळ लागतो. तिवरांची मुळं, चिखलातून वर आलेली ती बोटंबोटं, एकेक करून बुडत गेली. पाणी काळपट, त्यात प्लास्टिकही होतं. पण हेच पाणी अलिबागला आमच्या घोट्याशी होतं. दोन वाजून गेल्यावर ते थांबलं. वर नाही, खाली नाही. एक सुकलेलं पान जिथे होतं तिथेच तरंगत राहिलं.

हे म्हणाले, "उद्या सव्वादोन. इथे पावणेतीन धर."

मी म्हटलं, उद्या मला बँक आहे.

"मग मी बघून सांगतो," म्हणाले.