चूक कोणाची, हे तुम्ही विचारलंत म्हणून

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर उतरायला आलेलं सीआरजे हे छोटं प्रवासी जेट विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर धडकलं, ६७ माणसं गेली. तेव्हापासून एकच प्रश्न येतो : चूक कोणाची? उत्तरही विचारणाऱ्याकडे तयार असतं. हेलिकॉप्टरला मर्यादा २०० फुटांची, ते होतं २७८ फुटांवर.

आकडा खरा आहे. पण तो रेडिओ अल्टिमीटरचा, म्हणजे रेडिओ लहरींनी उंची मोजणाऱ्या उपकरणाचा, पाण्यापासून थेट मोजलेला. त्या मार्गावर उंची राखायची ती हवेच्या दाबावरच्या अल्टिमीटरवरून. धडकेच्या चारेक मिनिटं आधी एकाच कॉकपिटमध्ये एकाने उंची ३०० सांगितली, दुसऱ्याने ४००. नंतर त्याच तुकडीतली तीन हेलिकॉप्टरं तपासली, तर दोन उपकरणांत ८० ते १३० फुटांची तफावत निघाली.

ब्लॅक हॉकचा रेकॉर्डर घड्याळाची वेळ नोंदवतच नव्हता. अशा वेळी टॉवरचे, म्हणजे विमानतळावरच्या वाहतूक नियंत्रकाचे, जे शब्द सगळ्या टेपवर आहेत तेच खुणा म्हणून धरायचे आणि माइकचं बटण दाबल्याच्या नोंदी त्यांच्याशी जुळवत जायचं. हे काम किचकट आहे, पण सगळं त्यावरच उभं आहे. त्यातूनच कळलं, की टॉवर 'पास बिहाइंड द सीआरजे' (सीआरजेच्या मागून जा) सांगत असताना हेलिकॉप्टरमधलं बटण ०.८ सेकंद दाबलं गेलं. बटण दाबलेलं असताना ऐकू येत नाही. 'पास बिहाइंड द' बहुधा पोचलंच नाही. त्याआधीचा 'सर्कलिंग' हा शब्दही हेलिकॉप्टरच्या टेपवर नाही, म्हणजे विमान ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे वळणार हेच निसटलं.

'डोळे नव्हते का?' असतात हो! पण धडकेच्या वाटेवरचं विमान काचेत एकाच जागी खिळलेलं दिसतं. ते सरकत नाही, अगदी शेवटी एकदम मोठं होतं. रात्री, शहराच्या दिव्यांत, तो आणखी एक दिवा. हेलिकॉप्टरने 'विमान दिसलं' असं कळवलं होतं. कोणतं दिसलं, हे टेपवरून कळत नाही.

सुरुवातीला मीही २७८ लाच धरून बसलो होतो. मग हेलिकॉप्टरचा आणि विमानाचा, दोन्ही मार्ग एकमेकांवर ठेवून पाहिले. बरोबर २०० फुटांवरून, नदीच्या पूर्व काठाने गेलं, तरी ३३ वर उतरणाऱ्या विमानाशी उभं अंतर साधारण ७५ फूट. असा मार्ग आखला कुणी, चालू ठेवला कुणी?

हेलिकॉप्टर ते ७८ फूट खाली असतं तर? कदाचित निसटलं असतं. तेही मला खोडता येत नाही.