परागकणांची मोजणी आणि आप्पांची फुलगळ

नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे गेल्या मंगळवारी मिरचीच्या परागकणांचा एक नमुना यंत्राने काही मिनिटांत मोजला, आणि संकेश्वरच्या शेतकरी घरातून आलेल्या मला कौतुकाबरोबर हळहळही वाटली. हेच काम मी पदव्युत्तर शिक्षणात दोन वर्षे हाताने केले होते. परागकोश द्रवात चिरडायचे, थेंब न्यूबाउअर कक्षात, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचपट्टीत, सोडायचा, एक मि.मी.च्या चौकोनांतील कण मोजायचे आणि कक्षाची खोली ०.१ मि.मी. असल्यामुळे सरासरीला १०,००० ने गुणून एका मिलिलिटरमधील संख्या काढायची.

येथे कण अतिशय अरुंद नळीतून एकामागून एक जातात आणि प्रत्येक कण विद्युतप्रवाहाला किती अडथळा करतो हे नोंदले जाते. प्रवाहाच्या कमी वारंवारतेवर आकार कळतो. जास्त वारंवारतेवर कण जिवंत आहे की मृत, हे ओळखता येते. रंग लावावा लागत नाही.

रंगाचीच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आम्ही ॲसिटोकार्मिन वापरत असू. लाल कण चांगला, फिका कण वांझ. परंतु उष्णतेने नुकताच मेलेला कणही लाल दिसू शकतो, कारण आतील द्रव्य अजून शिल्लक असते. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांवर गेला की आमच्या शिवारात मिरचीची फुलगळ होते. त्या वेळी लाल कणांची स्लाइड दाखवून मी आप्पांना ठामपणे सांगितले होते, की परागकणांत दोष नाही, फुलकिडेच पाहा. आप्पांनी त्याप्रमाणे फवारण्या केल्या.

तरीही आमची जुनी पद्धत कमी लेखलेली मला सहन होत नाही. यंत्राने जिवंत ठरवलेला कण परागनलिका, म्हणजे फलनासाठी लागणारी बारीक नळी, काढेलच असे नाही. त्यासाठी साखर, बोरिक आम्ल व कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात तो रुजवून पाहावाच लागतो, आणि ते आम्ही तिकडेही नेटाने करत होतो. येथे सहकारी शंकास्पद नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी माझ्याकडेच आणतात. मात्र वेगाचा खरा लाभ मान्य करावा लागतो: हाताने पंचवीस झाडे मोजून होईपर्यंत शेवटच्या नमुन्यातील कण मरू लागलेले असत, आणि त्या झाडांची आपसांतील तुलना मुळातच लंगडी होती.

रविवारी फोनवर मी आप्पांकडे चूक कबूल केली. कळी लहान असताना, परागकण घडत असतानाच उष्णता अधिक बाधते, हेही सांगितले. त्यांनी आता कळ्या धरण्याच्या दिवसांतील तापमान वहीत लिहायला घेतले आहे.