कमाई कुणी विचारलीच नव्हती

अर्थशास्त्र शिकवतो म्हटल्यावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो: “सर, भारताचा गिनी २५.५, म्हणजे आपण जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक. मग आजूबाजूला तसं दिसत का नाही?” तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

गिनी म्हणजे विषमता मोजायचा आकडा: सगळ्यांना सारखं मिळालं तर ०, सगळं एकाच्याच पदरात पडलं तर १००. इटलीच्या कोर्राडो जिनी यांनी १९१२ साली मांडलेल्या या रीतीत खोट नाही. तिच्यात आकडे कसले घालतो, ते बघायला हवं. जागतिक बँकेचा २५.५ हा आकडा आपल्या २०२२-२३ च्या खर्चाच्या पाहणीवरून काढलेला आहे. तांदूळ, तेल, शाळेची फी, मोबाइल, फ्रिज यांवर किती गेले हे त्या पाहणीत खोदून विचारतात. कमाई विचारत नाहीत.

कागद घ्या. पाच घरं, महिन्याची कमाई हजारांत: १०, १०, २०, ३०, १३०. गिनी येतो ५२. आता त्याच घरांचा खर्च: १०, १०, १८, २४, ५८. गिनी उतरतो ३७ च्या आसपास. पाचव्या घराचे ७२ हजार म्युच्युअल फंडात गेले आणि हिशेबातूनच गेले. पहिल्या दोन घरांचा मात्र रुपया न् रुपया किराणा-भाड्यात संपतो, म्हणून त्यांचं सगळं मोजलं जातं.

अमेरिकेचा चाळिशीतला गिनी कमाईवरचा आहे. त्याच्याशेजारी आपला खर्चावरचा ठेवून नंबर लावतात, याचा मला खरोखर राग येतो. ज्या टिपणात २५.५ आहे, त्याच टिपणात बँकेने विषमता कमी मोजली गेली असू शकते असं म्हटलंय. जागतिक विषमता डेटाबेसनुसार कमाईचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ झाला, हेही दिलंय. हा ६२ सुद्धा प्राप्तिकराची आकडेवारी आणि पाहण्या जोडून केलेला अंदाजच आहे. पण निदान तो कमाईबद्दल बोलतो.

कमाई विचारणं अवघडच. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून बियाणं, खत, मजुरी आणि दुकानदाराची उधारी वजा करून शेतकऱ्याने कुठला आकडा सांगायचा? पूर्वीच्या प्रयोगांत लोकांनी सांगितलेली कमाई खर्च आणि बचतीच्या बेरजेहूनही कमी भरली, आणि ते काम मागे पडलं. आता देशभर कमाईची पाहणी २०२६ मध्ये करण्याचं सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केलंय. ती माणसं तुमच्याकडे आली, तर त्यांना गेटवरून परत पाठवू नका. पगाराबरोबर घरभाडं, व्याज आणि लाभांशही सांगा.