किडनी बसवली, पण लघवी होईना

चार वर्षं डायलिसिसवर काढल्यावर माझी स्वतःची लघवी पार थांबली होती. त्यामुळे ऑपरेशननंतर पिशवीत जे काही जमेल ते नव्या किडनीचंच, हिशेब सरळ. पहिल्या दिवशी तीस मिली जमलं, तेही लालसर. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी पिशवी उजेडाकडे धरून पाहिली आणि काही न बोलता परत पलंगाला अडकवली.

तशी कल्पना दिलेली होती. रात्री पावणेदोनला फोन आला तेव्हाच विचारलं होतं, "डोनर डीसीडी आहे, तुमची तयारी आहे का?" मला काय कळणार! दवाखान्यात पोचल्यावर सर्जन बाईंनी समजावलं. ब्रेनडेड डोनरचं हृदय अवयव काढेपर्यंत चालू असतं. डीसीडीत, म्हणजे हृदय थांबल्यावरच्या अवयवदानात, मात्र व्हेंटिलेटर काढल्यावर हृदय आपोआप थांबायची वाट बघतात. थांबल्यावरही बहुतेक ठिकाणी पाच मिनिटं कोणी हात लावत नाही. मृत्यू जाहीर होतो आणि मगच अवयव काढणारी टीम आत येते. तेवढा वेळ किडनी शरीराच्या उबेत असते, पण रक्त मिळत नाही. तिला मार बसतो तो तिथे.

"म्हणजे कमी प्रतीची किडनी?" ताईने थेटच विचारलं.

"सुरुवातीला आळशी," बाई म्हणाल्या. ब्रेनडेड डोनरच्या किडनीत साधारण वीस-पंचवीस टक्के पेशंटना पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागतं, डीसीडीत चाळीस-पन्नास टक्क्यांना. पण पुढच्या पाच-दहा वर्षांत कुठली किती टिकते ते पाहिलं, तर दोन्हींत फारसा फरक उरत नाही. मी सही केली. खरं सांगायचं तर मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं होतं.

चौथ्या दिवशी मला पुन्हा त्याच खुर्चीत नेलं, डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या त्याच रक्तवाहिनीत, फिस्टुलात, त्याच जाड सुया. ऑपरेशनच्या दुखण्यापेक्षा हे जास्त लागलं. पोटात नवी किडनी आणि बाजूला तेच घरघरणारं मशीन. भेटायला येणारे सगळे "काय मग, सुटलास ना डायलिसिसमधून?" असं विचारत, आणि दर वेळी ताईच काहीतरी बोलून वेळ मारून नेई.

माझी किडनी नुसत्या बर्फात नाही, थंड द्रव फिरवणाऱ्या पंपावर ठेवून आणली होती. पंपामुळे किडनी उशिरा सुरू होण्याचं प्रमाण कमी होतं म्हणतात. माझ्या किडनीने ते मनावर घेतलं नव्हतं.

समोरच्या खोलीतल्या काकांचं लिव्हर होतं, तेही डीसीडीच. त्यांचं लिव्हर पहिल्या दिवसापासून कामाला लागलेलं, मला त्यांचा हेवा वाटायचा. पुढे कळलं की लिव्हरचं गणित उलटं असतं. रक्तपुरवठा तुटल्याचा मार पित्तनलिकांना बसतो आणि त्या काही महिन्यांनीसुद्धा अरुंद होऊ शकतात. म्हणून हल्ली लिव्हरही मशीनवर ठेवून, पारखून बसवतात. काकांना वरचेवर तपासायचे ते त्यासाठीच.

पडल्यापडल्या बरंच वाचलं. १९६७ साली बर्नार्ड यांनी पहिलं हृदय बसवलं तेव्हा ब्रेनडेथचे निकषच ठरलेले नव्हते, ते आले १९६८ मध्ये. त्याआधी मृत डोनर म्हणजे हृदय थांबलेलाच. म्हणजे डीसीडी हे नवं खूळ नाही, जुनीच वाट. थांबलेलं हृदय डोनरच्या शरीराबाहेर पुन्हा धडधडतं करून बसवणं मात्र नवं, सिडनीत २०१४ साली सुरू झालेलं. २०२३ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत अशी हृदयं मिळालेले ९४ टक्के लोक सहा महिन्यांनी जिवंत होते. ब्रेनडेड डोनरच्या हृदयांबाबत तो आकडा ९० होता. मी ताईला वाचून दाखवलं. "हृदयं उठतात आणि तुझी किडनी उठत नाही," ती म्हणाली. दोघं हसलो. टाके दुखले.

सातव्या दिवशी बायोप्सी. भीती रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याची होती. रिपोर्ट आला: रिजेक्शन नाही, किडनीतल्या बारीक नळ्यांच्या आतल्या पेशी मेल्यात, त्या पुन्हा भरून येतात. "किडनी झोपलीय, गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी तेवढी जपायची, कारण ते औषधही किडनीला जड जातं. बाकी करण्यासारखं काही नव्हतं.

नऊ, दहा, अकरा. डायलिसिस एकूण चार वेळा. ताईच्या वहीत आकडे: ४०, ३५, ६०.

बाराव्या दिवशी ११०. तेराव्या दिवशी ४००, आणि रंग फिक्का पिवळा. त्या दिवशी डायलिसिस न करताच क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून काढून टाकायचा कचरा, ७.८ वरून ७.१ वर आलं. डिस्चार्जच्या वेळी ३.२ होतं, तीन महिन्यांनी १.६ वर स्थिरावलं. काहींचं १.१ असतं, माझं नाही.

पंधराव्या दिवशी पिशवीत २७०० मिली जमलं. सिस्टर भरलेला जग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तीन लिटर पाणी प्यायचंय, आजच." चार वर्षं मी घोट मोजून पाणी पीत होतो. जग पलंगाशेजारी ठेवला होता तरी मी सवयीने ताईकडे बघितलं.

"पी ना," ती म्हणाली आणि वहीचं नवं पान उघडलं.