दीड वाजताचं पाणी

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या पोडियम गार्डनचं काम माझ्याकडे आहे. पोडियम म्हणजे खाली पार्किंग, वर स्लॅब आणि स्लॅबवर कुंड्या. जमीन नाहीच. तो दिवस १६ एप्रिल २०२४. ठाणे, मुंबई, रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. किनाऱ्याजवळ पारा ३७ गाठून नेहमीपेक्षा साडेचार अंश वर गेला की लाट म्हणतात. नागपूरकर हसतील. हसू देत, पण आधी आमच्या स्लॅबवर दुपारी अनवाणी उभं राहून दाखवावं.

दीड वाजता चेअरमन साहेबांचा फोन. "मॅडम, सगळ्या जास्वंदींनी माना टाकल्यात. तुमचा माळी पाणी घालतो की नुसता पगार घेतो?"

गेले. बावीस कुंड्या, सगळ्या मलूल. बोट दोन पेरं मातीत खुपसलं, चांगली ओल होती. म्हणजे झाड तहानलेलं नव्हतं. भर दुपारी पानांतून पाणी ज्या वेगाने उडतं, त्या वेगाने मुळं ओढू शकत नाहीत. मग पर्णरंध्रं मिटतात, पानं लोंबतात. लोंबली की ऊनही कमी लागतं. संध्याकाळी पुन्हा ताठ. दर उन्हाळ्यात हे सांगते, दर उन्हाळ्यात लोक दुपारी बादल्या ओततात आणि जूनमध्ये कुजलेली मुळं मला उपसावी लागतात. शेजारी बोगनवेल लालभडक फुलली होती, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

हे मी साहेबांना समजावत होते. साहेब छत्री धरून ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. तेवढ्यात वॉचमनने त्यांच्या इशाऱ्यावर नळ सोडला.

सकाळपासून उन्हात पडलेला पाइप. अर्धा इंची, तीस मीटर. आत पावणेचार लिटर पाणी मावतं आणि ते चहाला चालेल इतकं तापतं. पहिलं पाणी गटारात सोडायचं, हा आमच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. मी ओरडले तोवर नळाजवळच्या तीन कुंड्या भिजल्या होत्या.

संध्याकाळी सातला एकोणीस झाडं ताठ झाली होती. त्या तिघींनी काही मान उचलली नाही. करपलेली पानं मी काढू दिली नाहीत, तेवढीच खालच्या फांद्यांना सावली. चार दिवसांनी खोडाची साल नखाने खरवडली, आत तपकिरी. म्हणजे खोड मेलेलं.

कुंड्या उलट्या केल्या. पश्चिमेकडची मुळं पार गेलेली, पूर्वेकडे थोडी पांढरी. काळी प्लास्टिकची कुंडी ज्या बाजूने तापते, त्या बाजूची मुळं आधी जातात. ते गरम पाण्याचं काम नव्हे. समोरच्या टॉवरच्या काचांची तिरीपही नेमकी त्याच कोपऱ्यात येते. मातीच्या कुंड्या घ्या, निदान ग्रीन नेट बांधा, असं मी फेब्रुवारीतच लिहून दिलं होतं. कमिटीने लॉबीला रंग काढला. पण वरच्या थरातली मुळंही चारी बाजूंनी मऊ पडली होती. ती कशाने?

तीन जास्वंदींचे पैसे त्या महिन्याच्या बिलातून कापले गेले. मी भांडले नाही. माळीदादा अजून विचारतो, का नाही भांडलात.