पी सायलेंट

परवा दुपारी बिल भरायला रांगेत उभी होते, एक वाजत आलेला, काऊंटर बंद व्हायची वेळ, सगळ्यांचे डोळे घड्याळावर, आणि आतला माणूस ओरडला, "बाई, रिसिप्ट न्या की!" माझ्या मागच्या गृहस्थांना राहवलं नाही. "रिसीट. पी सायलेंट असतो," असं हवेत बघत म्हणाले. आतल्याने मान पण वर केली नाही. "सायलेंट तर सायलेंट, पयशे भरलेत न्हय? घ्या आणि चला." रांग हसली, मी पण हसले, पण डोकं थेट फोंड्याच्या ओसरीवर जाऊन पोचलं.

आमचे आजोबा पणजीला लिसेवात, म्हणजे पोर्तुगीजांच्या हायस्कुलात शिकलेले, सगळं पोर्तुगीजमधून. मग १९६१ आलं, गोवा मुक्त झाला आणि ऑफिसात इंग्रजी आली, तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. इंग्रजी शिकले, चांगली शिकले, पण बोलायचे पोर्तुगीज तोंडानेच. हॉटेलचा एच खायचे, चेकला शेक म्हणायचे, आणि जिथे गोरा साहेब अक्षर गिळतो तिथे मात्र ते ठणठणीत उच्चारायचे. मे महिन्यात आत्या आणि आतोबा मुंबईहून यायचे. आतोबा दादरचे, कॉन्व्हेंटवाले, शिवाय जावई, म्हणजे त्यांना कुणी काही बोलायची सोयच नाही. आजोबांनी पेपर मोठ्याने वाचायला घेतला आणि debt, म्हणजे कर्ज, याला डेब्ट म्हणाले की हे आंबा कापता कापता, "अप्पा, डेट. बी म्हणायचा नसतो." आजोबा चष्म्यावरून बघायचे. "बरयलां न्हय? मागीर म्हणूंक नाका?" म्हणजे, लिहिलंय ना, मग म्हणायला नको? आतोबा म्हणायचे इंग्रजीत तसंच असतं. आजोबा म्हणायचे मग ती भाषा सुधारा, पोर्तुगीजांनी १९११ साली फार्मासियातला पीएच काढून सरळ एफ घातला, कुणाचं काही अडलं का? हे १९११ त्यांच्याकडे कायम तयार असायचं. आजी आतून म्हणायची, जेवा आता, बी घालून जेवा नाहीतर काढून जेवा.

आता गंमत अशी की तो बी मूळचा तिथला नव्हताच. इंग्रजीत तो शब्द फ्रेंचमधून आला तो बी शिवायच. मग कुणा पंडितांना आठवलं की लॅटिनमध्ये डेबितुम आहे, दिला घुसवून. रिसीटचा पी पण तसाच लॅटिनच्या प्रेमाने आलेला. आयलंड या शब्दाचं तर लॅटिनशी नातंसुद्धा नाही, त्यातला एस दुसऱ्या शब्दावरून चुकून चिकटला. म्हणजे विद्वत्ता दाखवायला अक्षर घातलं विद्वानांनी, आणि ते उच्चारलं म्हणून हसतात तेही विद्वानच. आजोबा असते तर हे मी आतोबांसमोर त्यांना वाचून दाखवलं असतं, चहा ठेवून, सावकाश.

मला स्वतःला बुधवार इंग्रजीत लिहायचा झाला की आजही मनात वेड-नेस-डे म्हणावं लागतं, प्राथमिक शाळेतल्या बाईंनी तसंच घोकून घेतलेलं. तोंडाने वेन्सडे, हाताने वेड-नेस-डे. यात काही गैर आहे असं मला वाटत नाही आणि कुणी सुधारायला आलं तर मी सुधारणारही नाही.

आणि हे पी सायलेंटवाले लोक आमच्याकडे येऊन काय करतात? डिचोलीला बिचोलिम म्हणतात, केप्याला क्वेपेम. फोनवरची मॅपवाली बाई पण तसंच म्हणते, इतक्या आत्मविश्वासाने की एकदा मलाच वाटलं आपण भलत्या रस्त्याने निघालो. हॉटेलात बसून, मेनूत xacuti वाचून, झाकुटी मागवतात. वेटर बिचारा शाकुती लिहून घेतो, रेचेडोचं रेशाद करतो, एक शब्द बोलत नाही. पोर्तुगीज स्पेलिंगमधला एक्स म्हणजे श, हे त्याला माहीत असतं, पण तो हवेत बघून कुणाला शिकवत नाही. टीपचा प्रश्न असतो म्हणा.

तिकडे साहेबाच्या घरी तरी एकमत कुठे होतं. १९२६ साली बीबीसीने उच्चार ठरवायला चक्क कमिटी नेमली, अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ, म्हणजे भांडणाला कमी नव्हती. १९३९ ला युद्ध लागलं आणि कमिटी गुंडाळली. शेड्यूल की स्केड्यूल, ऑफन की ऑफ्टन, हे अजून लोंबकळतंय, डिक्शनरीत दोन्ही सापडतात, म्हणजे डिक्शनरी आणली तरी वाद मिटत नाही, उलट दोघंही जिंकतात आणि दोघांनाही ते आवडत नाही.

चतुर्थीला मूळ घरी सगळे जमणार आहेत. आतोबांचा नातू हल्ली कॉफीचं फार बोलतो, आणि आमचा धाकटा दीर एक्सप्रेसो म्हणतो. दोघांना एकाच पंगतीला बसवायचं बघतेय.