पिक्चर कोण ठरवतं?

पिक्चर कोण ठरवतं असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही चौदा-पंधराजण आपापल्या घरात बसून एकच पिक्चर एकाच वेळी बघतो, निम्मे इथं कोल्हापुरात, बाकीचे पुणे-बंगळूरला, दोघं दुबईत, सगळे एकाच पेठेत वाढलेले. हे ज्याला कळतं तो पहिलं हेच विचारतो की एवढ्या माणसांचं एका पिक्चरवर एकमत होतं कसं. तर होतच नाही. आणि ते करायच्या मागंच लागायचं नाही, हे कळायला आम्हाला वर्ष गेलं.

सुरुवातीला मी पोल टाकायचो. पोलमध्ये जिंकतो तो पिक्चर कुणालाच नको नसतो, पण मनापासून हवा असतो असंही कुणी नसतं. सलग पाच शनिवार सगळ्यांनी चार-चारदा बघितलेले विनोदी पिक्चर लागले. दमून आलेल्या माणसाला ते बरं वाटतं, मान्य आहे, पण पिक्चर संपला की दोन मिनिटांत सगळे गुडनाइट टाकून गायब, आणि सहाव्या शनिवारी सातच जण आले.

तेव्हा मला आमच्या गल्लीतला पडदा आठवला. गणपतीत मंडळ रस्त्यावर आडवा पांढरा पडदा बांधायचं, माणसं दोन्ही बाजूंनी बसायची, मागच्या बाजूला जागा मिळाली की पाट्या उलट्या आणि हिरो डावखुरा. पिक्चर कुठला आणायचा हे मंडळातले एकच दादा ठरवायचे, पण पुढं आज्या आणि बारकी पोरं बसणार हे डोक्यात ठेवून. पुढं भाड्याचा व्हीसीआर आला, एका रात्रीत तीन पिक्चर, तेव्हाही क्रम त्यांचाच: पहिला देवाचा, म्हातारी माणसं झोपायच्या आत, मग घरगुती, आणि मारामारीचा सगळ्यात शेवटी, जो जागा राहील त्याच्यासाठी. माणसं बघून पिक्चर निवडणं म्हणजे काय ते मी तिथं शिकलो.

म्हणून आता पाळी लावलीय. ज्याची पाळी त्याने बुधवारपर्यंत नाव टाकायचं, बाकीच्यांनी नाही म्हणायचं नाही. पिक्चर दोन तासांच्या आसपासचा हवा आणि सगळ्यांना रीतसर बघता यायला हवा, कारण इथं जो ॲपवर असतो तो दुबईत असेलच असं नाही, ते आधी तपासावं लागतं. आणि सुरू व्हायच्या आधी पाळीवाल्याने दोन मिनिटं सांगायचं, हाच का. हे तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एकाने ‘सामना’ निवडला. जब्बार पटेलांचा, साखर कारखान्याच्या चेअरमनवरचा, १९७५ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला वगैरे सगळं ठीक, पण त्याने सांगितलं की माझे वडील साखर कारखान्यात चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे, होते आणि हा पिक्चर लागला की ते बोलायचे बंद व्हायचे. त्यानंतर तो पिक्चर आम्ही ज्या कानांनी ऐकला तसा आधी कधीच ऐकला नव्हता, संपल्यावर रात्री एकपर्यंत चेअरमन, ऊसतोड, निवडणुका, कुणाच्या घरात काय झालं, सगळं निघालं.

बंगळूरच्या मैत्रिणीने ‘अयोध्येचा राजा’ लावला, १९३२चा, पहिला मराठी बोलपट. आवाज जुना, संथ, दोघं मध्येच झोपायला गेले, जाऊ देत. पण प्रभात फिल्म कंपनी १९३३ला पुण्याला गेली त्याच्या आधीचा हा पिक्चर, आपल्या कोल्हापुरात बनलेला, आणि खरी कॉर्नरला इथल्या सिनेमाच्या आठवणीसाठी उभारलेल्या कॅमेऱ्याच्या मानस्तंभासमोरून शाळेला जाऊनसुद्धा तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, हे बोलताना तिचा आवाज भरून आला.

एकदाच मी मध्ये पडलो. एकाने ‘श्वास’ टाकला होता. लई चांगला पिक्चर, पण त्यात लहान पोराच्या डोळ्याचा कॅन्सर आहे आणि त्या आठवड्यात आमच्यातल्या एकाचा मुलगा दवाखान्यात ॲडमिट होता. ग्रुपवर काही न लिहिता मी थेट फोन केला, त्याने लगेच नाव बदललं, का बदललं ते कुणालाच सांगितलं नाही. दोन महिन्यांनी पोरगा बरा झाल्यावर त्याच्या बापानेच सांगितलं, आता तो लावा.

बाकी यंत्राचं थोडक्यात सांगतो. स्क्रीन शेअर करू नका, बहुतेक ॲपवर कॉपी होऊ नये म्हणून चित्र अडवतात आणि समोरच्याला काळा पडदा दिसतो. आम्ही कॉलवर तीन-दोन-एक म्हणून आपापल्या घरात प्ले दाबतो, मग माइक बंद, बोलायचं ते टाइप करून, आणि ज्याचं नेट स्लो तो दहा सेकंद मागं असतो हे ध्यानात ठेवून शेवट कुणी आधी फोडायचा नाही.

या शनिवारी पाळी दुबईतल्या धाकट्याची आहे. त्याने कोरियन पिक्चर टाकलाय, सबटायटल इंग्लिशमध्ये. आमच्यात एकाची आईपण बसते, आम्ही सगळे काकीच म्हणतो, त्यांना इंग्लिश वाचता येत नाही. मी धाकट्याला तेवढं कळवलं. तो म्हणाला, माझा माइक चालू राहू दे, मी काकींना मराठीत सांगत जातो.